पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिक्षक हवा आहे

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,



प्राध्यापकभरतीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा आकड्यांपाशी सुरू होते आणि आकड्यांपाशीच संपते. किती जागा रिक्त आहेत, किती जागांना वित्त विभागाने मान्यता दिली, जाहिरात कधी निघणार, बिंदुनामावली कुठे अडली. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवी महाविद्यालयासाठी आपण ज्या माणसाची निवड करतो, तो पुढची तीस वर्षे शिकवणार असतो. निवड करण्यापूर्वी त्याला मुलांपुढे शिकवताना किंवा प्रयोगशाळेत मुलांबरोबर काम करताना कोणी एकदा तरी पाहिलेले असते का? माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी कोणीच पाहिलेले नसते.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. नोकरीच्या उत्तरार्धात विषयतज्ज्ञ म्हणून अनेक निवड समित्यांवर बसलो. मुलाखतीचा दिवस कसा असतो, हे आपल्याला अधिकारी सांगतीलच, पण टेबलाच्या त्या बाजूने मी पाहिलेले सांगतो. सकाळी दहापासून संस्थेच्या व्हरांड्यात उमेदवार फाइली घेऊन बसलेले असतात. एका जागेसाठी चाळीस-पन्नास जण. कोणी जळगावहून रात्रीच्या एसटीने आलेला, कोणी नांदेडहून. आत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे प्रतिनिधी, शासनाचे प्रतिनिधी आणि आम्ही तज्ज्ञ मंडळी. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे. त्यातली तीन-चार मिनिटे मूळ कागदपत्रे पाहण्यात जातात. मग "पीएच.डी. कशावर केली?" हा प्रश्न. उमेदवार पातळ थरांवर, नॅनो कणांवर किंवा एखाद्या संयुगाच्या संश्लेषणावर पाठ केलेली चार वाक्ये बोलतो. मग "आमच्या संस्थेसाठी काय कराल?" एवढ्यात पुढच्याला हाक जाते. जेवणाआधी पंचवीस जण उरकायचे असतात.

या दहा मिनिटांत आम्हाला काय कळते? माणूस बोलका आहे की नाही, एवढेच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एकशेवीस मुलांपुढे, ज्यातली निम्मीअधिक मराठी माध्यमातून आलेली आहेत, तो उष्मागतिकीचा दुसरा नियम कसा मांडेल, हे कळत नाही. प्रॅक्टिकलला पाच जणांच्या गटात मागे उभी राहणारी मुलगी उपकरणाला हात लावेल, अशी वेळ तो आणेल का, हेही कळत नाही.

एकदा एका प्राचार्यांनी माझे ऐकले. शेवटच्या चार उमेदवारांना त्यांनी प्रयोगशाळेत नेले. टेबलावर स्पेक्ट्रोमीटर, प्रिझम आणि सोडियमचा दिवा ठेवला, दुसऱ्या वर्षाची चार मुले बोलावली आणि प्रत्येक उमेदवाराला सांगितले, "या मुलांना लघुत्तम विचलनकोन काढायला शिकवा. वेळ वीस मिनिटे." पहिल्या उमेदवाराच्या नावावर भरपूर शोधनिबंध होते. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिले, त्याची सिद्धता दिली आणि वेळ संपली. मुलांनी वहीत सगळे उतरवून घेतले. उपकरणाला कोणी शिवले नाही.

तिसऱ्या उमेदवार तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवत होत्या. त्यांनी दुर्बीण आधी खिडकीकडे वळवली आणि एका मुलाला सांगितले, "तो लांबचा मोबाइलचा टॉवर स्वच्छ दिसेपर्यंत फिरव." त्याला टॉवर उलटा दिसला, तो दचकला, आणि का उलटा दिसतो यावर दोन मिनिटे गेली. मग फट, मग प्रिझम. एका मुलीला त्यांनी दुर्बिणीला डोळा लावायला सांगितले आणि प्रिझमचे टेबल तिच्याच हाताने सावकाश फिरवायला लावले. दुर्बिणीतली पिवळी रेघ सरकत गेली, एका जागी थबकली आणि टेबल त्याच दिशेने फिरत असतानाही उलटी निघाली. मुलगी म्हणाली, "मॅडम, ती परत चालली." बाई म्हणाल्या, "जिथून परत फिरली, ती जागा धर." सूत्र त्यांनी लिहिलेच नाही. वेळ संपली तेव्हा मुले अजून रेघ शोधत होती आणि त्यांतली दोघे एकमेकांना समजावत होती.

निवड त्या बाईंची झाली. समितीतल्या सगळ्यांनीच ते डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. बंद खोलीतल्या दहा मिनिटांवर निर्णय झाला असता तर तो पहिल्या उमेदवाराच्या बाजूने गेला असता, याबद्दल मला शंका नाही. ते गृहस्थ चांगले संशोधक होते. एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ते शोभले असते.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी उमेदवारांची छाननी करायला एक गुणतक्ता दिला आहे. पदवीच्या टक्क्यांना जास्तीत जास्त 21 गुण, पदव्युत्तरला 25, पीएच.डी.ला 25, कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसह नेट असेल तर 10, नुसती नेट 8, सेट 5, शोधनिबंधांना 6, अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला 10 आणि पुरस्कारांना 3. एकूण शंभर. हा तक्ता मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढ्यापुरता, आणि निवड मुलाखतीवर, अशी त्या नियमावलीची रचना आहे. त्याच नियमावलीत विद्यापीठांसाठी वेगळा तक्ता आहे आणि त्यात पीएच.डी.ला 30, तर शोधनिबंधांना 10 गुण आहेत. म्हणजे पदवी महाविद्यालय आणि विद्यापीठ यांची गरज वेगळी आहे, हे आयोगालाही मान्य आहे. पण तो वेगळेपणा चार-पाच गुण इकडचे तिकडे करण्यावर थांबला. महाविद्यालयाच्या तक्त्यात शिकवण्याच्या कसाला एकही गुण नाही. अनुभवाचे दहा गुण वर्षे मोजून मिळतात. त्या वर्षांत कसे शिकवले, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

मुलाखतीच्या टप्प्यावर उमेदवाराचे प्रत्यक्ष वर्गात व्याख्यान ठेवून त्याची अध्यापनक्षमता तपासावी, अशी मुभा आयोगाने दिलेली आहे. पण ती मुभाच आहे, सक्ती नाही. आणि एका दिवसात पन्नास उमेदवार उरकायचे असतील तर मुभा कोण वापरणार? राज्यात गेल्या काही वर्षांत विद्यापीठांतल्या भरतीसाठी शैक्षणिक गुणांना किती वजन आणि मुलाखतीला किती, यावर मोठा वाद झाला. मुलाखतीचे वजन कमी करावे असे म्हणणाऱ्यांची भीती खरी आहे, कारण बंद खोलीत काहीही घडू शकते. पण त्यावर उपाय म्हणून नुसते कागदावरचे गुण वाढवले, तर शिकवता येणारा माणूस आणखीच मागे पडतो. मुलाखत उघड्यावर आणणे हा खरा उपाय. वर्गात, मुलांपुढे.

पदवी महाविद्यालय म्हणजे विद्यापीठाची लहान, गरीब आवृत्ती, असा एक समज आपल्या व्यवस्थेत मुरला आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास काही वेगळे सांगतो. फर्ग्युसन कॉलेज 1885 मध्ये सुरू झाले. 1890 मध्ये तिथे गणित शिकवणारे टिळक, कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईत शाळांमधून शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांना बोलावून घेतले. 1891 मध्ये कर्वे आले आणि 1914 पर्यंत गणित शिकवत राहिले. कर्व्यांच्या नावावर त्या वेळी कोणताही मोठा मान नव्हता. शिकवण्याची सवय होती आणि मुलांबद्दलची कळकळ होती, आणि बोलावणाऱ्याने ती ओळखली. कर्व्यांच्याच नात्यातला, त्यांच्या आधाराने शिकलेला कोकणातला एक मुलगा पुढे फर्ग्युसनमधून केंब्रिजला गेला आणि 1899 मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल ठरून सीनियर रँग्लर झाला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांना सरकारी नोकरीचे दरवाजे उघडे होते. ते परत आले ते फर्ग्युसनला, सोसायटीच्या आजीव सदस्यत्वाच्या तुटपुंज्या पगारावर, आणि प्राचार्य म्हणून त्यांनी दोन दशके काढली. स्वतः गणिताचे वर्ग घेतले.

हे मी त्यागाचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. आजच्या तरुणाने तुटपुंज्या पगारावर यावे, असे मला मुळीच वाटत नाही. माझा मुद्दा निवडीचा आहे. एका संस्थेने शिकवणारा माणूस हेरला, त्याला बोलावले, कायम केले, आणि त्याच्या हातून पुढचा माणूस घडून त्याच संस्थेत परत आला. साखळी अशी तयार होते. ती एका दुव्यापाशी तुटली की पुढच्या तीन पिढ्यांचे नुकसान होते.

आणि ज्यांना वाटते की पदवी महाविद्यालयात संशोधन होऊच शकत नाही, त्यांनी दामोदर धर्मानंद कोसंबींकडे पाहावे. 1933 पासून 1945 पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. तिथे असतानाच त्यांनी भूमितीवर आणि संख्याशास्त्रावर लिहिले. गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र 1944 चे आहे, आणि आनुवंशशास्त्रात ते आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. पुढे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. त्या कामाला लागली होती कागद, पेन्सिल, ग्रंथालय आणि मोकळा वेळ. यातला मोकळा वेळ आज आपण प्राध्यापकाकडून काढून घेतला आहे.

आता आकड्यांकडे येतो. नोव्हेंबर 2018 मध्ये शासनाने अनुदानित महाविद्यालयांतल्या रिक्त जागांपैकी 40 टक्के जागा भरायला परवानगी दिली. सहायक प्राध्यापकांची ती पदे होती 3,580. म्हणजे त्या वेळी रिक्त जागा नऊ हजारांच्या घरात होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक रिकाम्याच ठेवायच्या हे आधीच ठरले होते. मग कोविड आला, 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवी भरती थांबली, आणि 3,580 पैकी 2,088 पदे तशीच राहिली. त्यांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत आणखी प्राध्यापक निवृत्त झाले होते. त्यानंतरही परवानग्या आल्या, येत आहेत. पण कित्येक वर्षे काही नाही आणि मग एकदम हजारो, हा क्रमच मुळात चुकीचा आहे. पाच वर्षांत पाच माणसे पाहून पारखून घेता येतात. एका उन्हाळ्यात पाच घ्यायची म्हटली की कागद पाहून घेतली जातात. शिवाय ज्या वर्षी एखादा उत्तम विद्यार्थी पीएच.डी. संपवून गावाकडे यायला तयार असतो, त्या वर्षी नेमकी जाहिरात नसते. तो दुसरीकडे जातो आणि परत येत नाही. पुण्याच्या आयसरमधून, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, आयुकातून बाहेर पडणाऱ्यांत शिकवण्याची मनापासून आवड असलेली मुले मला भेटली आहेत. "सर, आमच्या जिल्ह्यात जागा निघाली तर कळवा," असे ती सांगून जातात. मी काय कळवणार?

मधल्या काळात काम चालते ते तासिका तत्त्वावर. आपल्या महाविद्यालयांचे विज्ञान विभाग आज किती प्रमाणात 'सीएचबी'च्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या, खांद्यावर उभे आहेत, हे आपण एखाद्या जिल्ह्यात न सांगता जाऊन पाहावे. नेट किंवा सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेला पस्तिशीचा माणूस सकाळी एका गावात तास घेतो आणि दुपारी दुसऱ्या गावात. मानधन तासांवर. परीक्षा आणि सुट्टीच्या महिन्यांत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, नव्याने मान्यता. मानधनाची बिले सहामाही उलटून गेली तरी निघत नाहीत, अशी तक्रार मी दरवर्षी ऐकत आलो. शेजारच्या टेबलावर तोच अभ्यासक्रम शिकवणारा कायम सहायक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 57,700 रुपयांच्या मूळ वेतनावर सुरुवात करतो. हा फरक योग्यतेचा नसून जाहिरात कोणत्या वर्षी निघाली याचा आहे.

यातून होणारे नुकसान केवळ त्या शिक्षकाचे नाही. विज्ञानाच्या विभागात प्रयोगशाळा असते आणि प्रयोगशाळेला मालक लागतो. कायद्याने नव्हे, मनाने. स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू सैल झाला आहे, ऑसिलोस्कोपच्या तीनपैकी एकाच प्रोबवर भरवसा आहे, अमुक कपाटातले रसायन जुने झाले आहे, हे माहीत असणारा आणि ते दुरुस्त करून घेणारा कोणीतरी हवा. तासावर येणारा माणूस ते करू शकत नाही. त्याला त्याचे पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी तो इथे असेल की नाही हेही माहीत नाही. प्रयोगशाळा सहायकाची जागाही बहुधा रिकामीच. मग हळूहळू प्रयोग बंद पडतात. मुले मागच्या वर्षीच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवतात, परीक्षक ती पाहून गुण देतात, आणि विद्यार्थी प्रथम श्रेणीत पदवीधर होतो, रसायनशास्त्राचा, ब्युरेट स्वतःच्या हाताने न धरता. असे पदवीधर मी पाहिले आहेत. ती मुले हुशार होती. त्यांना शिकवायला कोणी नव्हते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले 2027 मध्ये चौथ्या वर्षात येतील आणि त्यातली काही संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी प्रकल्प करतील. त्यांना मार्गदर्शन कोण करणार? तासिका तत्त्वावरचा शिक्षक? जो आहे तो कायम प्राध्यापक आधीच तिघांचे काम करतो आहे. म्हणून मी संशोधनाच्या विरोधात आहे, असा अर्थ माझ्या पत्रातून कोणी काढू नये. पदवी महाविद्यालयाला संशोधन करणारा माणूस हवा, पण त्याचे संशोधन एकवीस वर्षांच्या मुलामुलींना सोबत घेऊन, आहे त्या साधनांत होण्यासारखे हवे. तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातले फ्लोराइड तपासणे, ओढ्याकाठच्या वनस्पतींची नोंद ठेवणे, खगोलशास्त्राच्या मोठ्या दुर्बिणींची खुली केलेली निरीक्षणे संगणकावर तपासणे. मुलाखतीत एक प्रश्न असा असायला हवा: आमच्या प्रयोगशाळेत, या मुलांबरोबर, पुढच्या दोन वर्षांत तुम्ही कोणता प्रश्न हाती घ्याल? ज्याने याचा विचार केलेला असतो, त्याचे उत्तर पहिल्या दोन वाक्यांत कळते.

अभियांत्रिकीची तऱ्हा वेगळी. तिथे बहुतेक महाविद्यालये खासगी आणि विनाअनुदानित आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 1:15 वरून 1:20 वर नेले, त्यामुळे कागदावरची गरज एका फटक्यात कमी झाली आणि पुष्कळांना घरी जावे लागले. पुढे 2024-25 पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादाही उठली. संगणकशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागा भराभर वाढल्या. त्या शिकवायला माणसे कुठून येणार? पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या त्याच पदवीधराला जे देतात, त्याच्या जवळपासही महाविद्यालय जात नाही. मग एम.टेक. नुकतेच संपवलेला मुलगा नोकरी लागेपर्यंत शिकवतो आणि लागली की सत्राच्या मध्येच जातो. दुसरीकडे यंत्र आणि स्थापत्य विभागांतले पंधरा-पंधरा वर्षे अनुभव असलेले शिक्षक विद्यार्थ्यांअभावी 'अतिरिक्त' ठरतात. यांतल्या इच्छुकांना वर्ष-दीड वर्ष पगारी रजा देऊन संगणनाचे रीतसर शिक्षण दिले, तर शिकवण्याची हातोटी असलेली माणसे टिकतील. शिक्षकांना नोकरीत असताना उच्च पदवी घेता यावी म्हणून केंद्राने 1970 मध्ये गुणवत्ता सुधार योजना सुरू केली होती. राज्याला आज तिच्या धर्तीवर काही उभारणे अशक्य नाही.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल मला खास लिहायचे आहे. हा विभाग बहुतेक महाविद्यालयांत सर्वांत दुर्लक्षित. पगार कमी, बढतीची वाट अरुंद, आणि मुलांना एक वर्षानंतर त्यांची नावेही आठवत नाहीत. प्रत्यक्षात मुलगा अभियांत्रिकीत टिकतो की विषय मागे टाकत पुढे ढकलला जातो, हे पहिल्या वर्षीच्या गणिताच्या वर्गात ठरते. बारावीपर्यंत क्लासमध्ये पर्याय ओळखायला शिकलेल्या मुलाला पहिल्यांदा स्वतः गणित मांडायला लावायचे असते. त्यासाठी संस्थेतला सर्वांत चांगला शिक्षक लागतो, आणि आपण तिथे सर्वांत स्वस्त नेमतो.

अमेरिकेत केवळ पदवीचे शिक्षण देणारी विज्ञान-अभियांत्रिकीची नामवंत महाविद्यालये आहेत. कॅलिफोर्नियातले हार्वी मड कॉलेज 1955 मध्ये स्थापन झाले, विद्यार्थी हजाराच्या आतबाहेर. तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना 1963 पासून उद्योगांनी दिलेले खरे प्रश्न गटाने सोडवायला लावतात. अशा महाविद्यालयांत उमेदवार एक-दोन दिवस राहतो, पदवीच्या मुलांना समजेल असे आपल्या संशोधनावर बोलतो, पुष्कळ ठिकाणी वर्ग घेऊन दाखवतो, विद्यार्थ्यांबरोबर जेवतो, आणि विद्यार्थ्यांचे मत समितीपुढे जाते. तिथला पैसा आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे. पण वर्ग घेऊन दाखवायला पैसा लागत नाही. खडू लागतो आणि अर्धा दिवस लागतो.

आपल्याकडून मला जे हवे आहे ते थोडक्यात सांगतो. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवी महाविद्यालयांतल्या प्रत्येक नेमणुकीसाठी, कायम असो वा तासिका तत्त्वावरची, अंतिम फेरीतल्या चार-पाच उमेदवारांनी प्रत्यक्ष विद्यार्थ्यांचा एक वर्ग आणि प्रयोगशाळेतले एक काम घेणे राज्याने सक्तीचे करावे. विषय आदल्या दिवशी द्यावा, आणि तो पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातलाच असावा. त्याला एकूण गुणांत ठसठशीत वाटा असावा, त्याचे चित्रीकरण व्हावे आणि गुणपत्रक त्याच संध्याकाळी फलकावर लागावे. मुले त्या वेळी समितीला काय म्हणाली, तेही नोंदवावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आधी मराठीत समजावून मग इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदापर्यंत नेण्याची क्षमता त्यात पाहिली जावी. या एका गोष्टीवर आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतली निम्मी गळती अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

जो प्राध्यापक निवृत्त होणार आहे त्याची तारीख शासनाला तो रुजू होतो त्या दिवशीच कळलेली असते. मग त्याची जागा भरण्याची ना-हरकत सहा महिने आधी का मिळू नये? बिंदुनामावलीची तपासणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पूर्ण व्हावी, म्हणजे राखीव जागांवरच्या उमेदवारांचीही वर्षानुवर्षे होणारी कोंडी सुटेल. तासिका तत्त्वावर काम केलेल्यांची वर्षे पूर्ण धरली जावीत. आणि नव्या नेमणुकीला पहिल्या वर्षी तासांत थोडी सूट आणि प्रयोगशाळेसाठी छोटी रक्कम मिळावी, नियमांच्या सतरा परवानग्यांशिवाय खर्च करता येणारी. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम चालवला आहे. भौतिकशास्त्र शिक्षकांची भारतीय संघटना 1984 पासून काम करते आहे. नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ही माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना बोलवा.

शेवटी पैशांचा विषय. त्याबद्दल सगळे बोलतात आणि कोणी लिहीत नाही. नेमणुकीसाठी 'देणगी' मागितली जाते, हे या राज्यातला प्रत्येक उमेदवार जाणतो. व्हरांड्यात बसलेले उमेदवार मुलाखतीआधी एकमेकांना प्रश्नांबद्दल विचारत नाहीत, दराबद्दल विचारतात. एका संस्थेत आम्ही खोलीत शिरण्यापूर्वीच निवडीची यादी ठरलेली आहे, हे मला चहा आणून देणाऱ्या शिपायाने सांगितले होते, आणि ती तशीच निघाली. मी टिपणीवर मतभेद नोंदवून सही केली. पैसे भरून आलेला प्राध्यापक वाईटच शिकवतो असे मी म्हणत नाही, पण शेत विकून आलेल्या माणसाचे पहिले दशक ते कर्ज फेडण्यात जाते, आणि ज्याच्याकडे विकायला शेत नव्हते तो उत्तम शिक्षक कायमचा बाहेर राहतो. मागासवर्गीय, भूमिहीन घरांतून पहिल्यांदा पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या मुलामुलींवर हा सर्वांत मोठा अन्याय आहे. मुलांसमोर, कॅमेऱ्यासमोर वर्ग घ्यायचा ठरला, तर यादी आधी ठरवणाऱ्यांना निदान उघडे पडण्याची भीती राहील.

पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या जाहिराती निघण्यापूर्वी एका विद्यापीठाच्या क्षेत्रात, फक्त विज्ञान शाखेसाठी, हे करून पाहायला नवा कायदा लागत नाही. आयोगाची मुभा आहेच. शासनाचे एक परिपत्रक पुरेल. ते काढायचे ठरले, तर पहिल्या काही समित्यांवर विनामानधन बसायला मी आणि माझ्या ओळखीतले बरेच निवृत्त प्राध्यापक तयार आहोत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांची नावे मी आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.

कळावे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक